पंतप्रधानांचा गुडघा आणि आजीची मांडी

ऑक्टोबर २००० मध्ये आमच्या राजुरीत एका गुडघ्याची चर्चा होती. दसरा नुकताच झाला होता. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात होते आणि १० तारखेला त्यांचा डावा गुडघा बदलला होता. आजी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा तोडत बसलेली, एक पाय लांब, एक दुमडलेला. तिचे दोन्ही गुडघे केव्हाच गेले होते. लेण्याद्रीच्या पायऱ्या तर तिने कधीच सोडून दिल्या होत्या. खालूनच गणपतीला हात जोडायची. वडील म्हणाले, "बघ आई, आता गुडघासुद्धा बदलून मिळतो."

आजीने मान वर केली नाही. म्हणाली, "त्यांचं काय रे, त्यांना खुर्चीतच बसायचंय. मला मांडी घालता येईल का, ते विचार त्या डॉक्टरला."

तेव्हा सगळे हसले. पुढे या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, की आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हताच.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे सर्रास म्हणतात, "तिच्या वाट्या बदलल्या." वाटी म्हणजे गुडघ्यावरचं ते गोल हाड. खरं काम तिथे नसतंच. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक यांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासतं. शस्त्रक्रियेत दोन्ही टोकं साधारण सेंटिमीटरभर तासतात, वर धातूची टोपी, खाली धातूचा तळ आणि मधे प्लास्टिकची चकती बसवतात. वाटीच्या मागच्या बाजूला कधी प्लास्टिकचं बटण लावतात, कधी ती तशीच ठेवतात. गुडघा "काढून" कुणी फेकत नाही. दाताला कॅप बसवतात, त्यातलाच हा प्रकार.

ऐकायला सोपं वाटतं. पण कशावर काय घासलं तर झिजणार नाही, एवढं शोधायला सत्तर वर्षं गेली.

बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुकने १८९० मध्ये हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला. त्याचे रुग्ण क्षयाने सांधे सडलेले, त्यामुळे जंतुसंसर्गाने सगळं वाया गेलं. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने १९२३ मध्ये खुब्यासाठी काचेची टोपी केली. ती आत फुटायची. काच अंगात फुटणार हे आधी सुचलं नसेल का, असं आज आपल्याला वाटतं. पण गुळगुळीत आणि शरीराला न टोचणारं दुसरं काय होतं हातात? पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी १९४६ मध्ये खुब्याचा गोळा अॅक्रिलिकचा केला.

इथे जॉन चार्नली येतो. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयाचा हा सर्जन. ज्युदे पद्धतीचा खुबा बसवलेला एक रुग्ण त्याच्याकडे आला. तो हलला की खुबा करकरायचा, इतका, की त्याची बायको त्याला टाळायला लागली होती. दुसरा कुणी तेल घालायचा विचार करता. चार्नलीने वेगळाच विचार केला: हा सांधा करकरतो म्हणजे घर्षण जास्त आहे; ते कमी केलं पाहिजे. म्हणून त्याने खुब्याचा गोळा मुद्दाम लहान, जेमतेम २२ मिलिमीटरचा घेतला आणि त्याची खोबण टेफ्लॉनची केली. टेफ्लॉन म्हणजे तव्याला अन्न चिकटू नये म्हणून लावतात तेच. धातूचा भाग हाडात पक्का बसवायला दातांच्या कवळीत वापरतात ते अॅक्रिलिक घेतलं. हा सिमेंट डिंकासारखा चिकटवत नाही. फरशीखाली माल भरून ती हलू नये असं करतो, तसा तो पोकळी भरून काढतो.

रुग्ण चालायला लागले. चार्नली खूश. आणि मग दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं. त्याचा भुगा आसपासच्या मांसात साचून गाठी झाल्या. असे जवळपास तीनशे खुबे त्याने बसवले होते. जे आशेने आले होते, त्यांच्यावर पुन्हा सुरी चालवायची वेळ आली. सर्जनने इथे काय करावं? चार्नलीने टेफ्लॉनचा भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला आणि गाठ येते का ते पाहिलं. आली.

सुटका झाली ती कापडगिरणीच्या वाटेने. यंत्रमागाच्या दातेरी चाकांसाठी पॉलिथिलीनचा एक चिवट प्रकार विकणारा माणूस १९६२ मध्ये तिथे आला. चार्नलीने ते नखाने दाबून पाहिलं आणि उडवून लावलं. त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र साहेब परदेशात असताना तो तुकडा झिजवणाऱ्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र रात्रंदिवस चाललं, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजतं तेवढंही हे झिजलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिला तसा खुबा बसला. आजच्या बहुतेक कृत्रिम खुब्यांत आणि गुडघ्यांत त्याच प्लास्टिकची सुधारलेली आवृत्ती असते. क्रेव्हनचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

गुडघा खुब्याइतका सरळ नाही. खुबा म्हणजे उखळीत फिरणारा गोळा. गुडघा वाकताना घरंगळतो, घसरतो आणि थोडा वळतोसुद्धा. दाराच्या बिजागरीसारखे सुरुवातीचे गुडघे म्हणूनच हाडातून सैल व्हायचे. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, अभियंता पीटर वॉकर आणि इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन तिकडे गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी १९७४ मध्ये ज्या रचनेचा गुडघा वापरात आणला, तिच्यावरूनच आजचे बहुतेक गुडघे निघाले. हेच राणावत २००० मध्ये वाजपेयींच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईत आले. जून २००१ मध्ये उजवा गुडघाही त्यांनीच बदलला.

पण तो मूळ गुडघा साधारण नव्वद अंशांपर्यंतच वाकायचा. नव्वद अंश म्हणजे बरोब्बर खुर्ची! पंगतीला, पूजेला, भांडी घासायला, शौचाला जमिनीवर बसणारी माणसं तो घडवणाऱ्यांसमोर नव्हती. आजीला हे न वाचताच कळलं होतं.

पुढे जास्त वाकणारे गुडघे आले. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी आपल्याकडच्या माणसांची हाडांची मापं आणि बसण्याची सवय लक्षात घेऊन 'इंडस' नावाचा गुडघा तयार केला. जुन्नरकडची एसटी शिवाजीनगरला थांबायची तेव्हा संचेतींचं रुग्णालय पुण्यातली आमची पहिली खूण असायची. आता स्थानक वाकडेवाडीला गेलंय.

अडचण पैशाचीही होती. १६ ऑगस्ट २०१७ ला केंद्र सरकारने गुडघ्याच्या सुट्या भागांच्या कमाल किमती ठरवल्या. सर्वाधिक वापरात असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा संच सरासरी १,५८,००० रुपयांच्या आसपास होता, तो कर सोडून ५४,७२० वर आला. शस्त्रक्रिया, खोली, औषधं यांचा खर्च वेगळा. तरी आमच्या घरात पहिल्यांदा गंभीर बोलणं झालं ते तेव्हाच, पण आईच्या गुडघ्यांबद्दल. आजी २००९ मध्ये गेली होती.

आईने दोनच प्रश्न विचारले. किती वर्षं टिकेल? याला आज बऱ्यापैकी उत्तर आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार संपूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ आणि शंभर खुब्यांपैकी ५८ पंचवीस वर्षं टिकतात. दुसरा प्रश्न आजीचाच होता. डॉक्टर म्हणाले, "गुडघा वाकेल, पण मांडी घालू नका, उकिडवं बसू नका. जितकं दाबाल तितकं प्लास्टिक झिजेल."

आईने होकार दिला. आधी घरात कमोड बसवला, मग शस्त्रक्रिया. दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभी केली. पुढचे दीड-दोन महिने व्यायाम, आणि रोज रडणं. हे कुणी आधी सांगत नाही.

यंदा कांदा काटणीला ती खळ्यावर होती. बाकीच्या बाया जमिनीवर बसून पात कापत होत्या, ही प्लास्टिकच्या खुर्चीत. समोर स्टुलावर घमेलं. काकू ते भरून देत होती आणि दर वेळी म्हणत होती, "पंतप्रधान, घ्या."