"मग ओरडली का नाहीस?"



आज जरा अवघड विषय आहे. लैंगिक अत्याचार, आणि त्यानंतर पोरंपोरी स्वतःला करून घेतात ती इजा. ज्यांना आज हे वाचायचं नसेल त्यांनी इथेच थांबलं तरी माझी काही हरकत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात रात्री साडेदहाला मामेबहिणीचा फोन आला. तिकडे पहाटेचे तीन! वय वर्षं पंधरा. "दादा, आईला सांगू नकोस" इथपासून सुरुवात. मग ओळखीतल्याच एका माणसाने काय केलं ते, आणि त्यानंतर काही महिने ती स्वतःच्या हाताला इजा करून घेत होती, तेही. मी पुरता घाबरलो. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "अगं, मग तू ओरडली का नाहीस?"

फोन कट. पुन्हा लावला तर उचलला नाही. (हे सगळं तिला विचारूनच लिहितोय.)

नशीब की दुसऱ्या दिवशी तिने माझ्या आईला, म्हणजे तिच्या आत्याला, सांगितलं. आईने काही न विचारता बॅग भरली, आणि पंधरा दिवस भाचीच्या खोलीत झोपायला होती.

तो प्रश्न माझ्या तोंडात आला कुठून, हे मला बरेच दिवस सतावत होतं. शोधता शोधता पोचलो देसाईगंजला.

२६ मार्च १९७२. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. मथुरा, मजुरी करणारी, आईबाप नसलेली आदिवासी मुलगी. वय चौदा ते सोळा. तिच्या भावाने केलेल्या तक्रारीवरून सगळ्यांना रात्री पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. बाकीच्यांना जायला सांगून तिला मागे ठेवलं, आणि ठाण्यातच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं त्यांचं म्हणणं. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष ठरवलं. कारण काय, तर अंगावर जखमांच्या खुणा नाहीत. गंमत म्हणा की क्रूरपणा म्हणा, मथुरा तर सांगत होती की मी ओरडले. पण जखमा नाहीत, म्हणजे ते ओरडणंही खोटं!

वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यात फरक आहे की नाही, हा त्यांचा सवाल होता. १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या अशा गुन्ह्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने कोर्टात संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं. मथुराला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचं, जर्मनीत असं नसतं. मलाही तसंच वाटायचं. पण इथल्या कायद्यात २०१६ पर्यंत नुसतं "नाही" म्हणणं पुरेसं नव्हतं, बळजबरी किंवा धमकी दाखवावी लागे. "नाही म्हणजे नाही" हा बदल लागू झाला नोव्हेंबर २०१६ मध्ये. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानू नये, हे भारताने २०१३ मध्येच लिहून ठेवलं होतं. (फुशारकी नको. नवऱ्याने केलेली बळजबरी जर्मनीत १९९७ पासून गुन्हा आहे, आपल्याकडे अजून नाही.) आणि आपल्या स्टुटगार्टला लागून असलेलं कॉर्नटाल? तिथल्या धार्मिक संस्थेच्या बालगृहांत १९५० च्या दशकापासून मुलांवर झालेल्या अत्याचारांचा अहवाल यायला २०१८ उजाडलं. तिथली पोरं म्हातारी व्हायला आली तेव्हा कुठे त्यांचं कोणी ऐकून घेतलं.

ओरडण्याबद्दल म्हणाल, तर स्टॉकहोममध्ये अत्याचारानंतर मदत केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के जणींचं शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजलं होतं. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. हा काही निर्णय नसतो. माझी बहीण ओरडली नाही, कारण तिला ओरडता येत नव्हतं. इतकं साधं होतं ते.

हाताच्या खुणांचंही तसंच. अशी इजा म्हणजे दरवेळी मरायचा प्रयत्न नसतो. पुष्कळदा आतलं असह्य काहीतरी थोडा वेळ थांबवायची धडपड असते. तरी धोका असतोच, म्हणून "जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारावं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. इथेही आपला कायदा कितीतरी वर्षं जखमी माणसालाच आरोपी करत होता. कलम ३०९ खाली आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद! प्रशियाने अशी शिक्षा १७५१ मध्येच काढून टाकली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मान्य केलं की असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं समजावं आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ते जुनं कलम नाही.

आपल्या धंद्यात बग सांगायला आलेल्या टेस्टरला "आधी का नाही सांगितलंस?" म्हणून झापलं, तर पुढचा बग थेट ग्राहकाकडूनच कळतो. हे मला कामावर समजत होतं, फोनवर नाही समजलं.

कामाचे नंबर देऊन ठेवतो. भारतात मुलांसाठी १०९८, मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६. जर्मनीत मुलांसाठी ११६ १११, अत्याचार झालेल्या स्त्रियांसाठी ११६ ०१६. भारतात अशा वेळी सरकारी काय, खाजगी काय, कुठल्याही दवाखान्याला प्रथमोपचार आणि उपचार ताबडतोब आणि मोफत द्यावे लागतात. आधी पोलिसांत जाऊन या, असं म्हणता येत नाही.

बहिणीने माझा फोन घेतला तो सात महिन्यांनी. मी माफी मागितली. ती म्हणाली, "आत्याने काय केलं माहितेय? रोज रात्री फक्त विचारायची, दिवा चालू ठेवू की बंद करू."

स्टुटगार्टहून,
तुमचाच एक सभासद