मैलाचा हिशेब आणि मजुराचा दिवस

हौस ही फुरसतीची लेक आहे. ज्याच्या पदरी फुरसत नाही, त्याच्या हौसेला जग चैन म्हणते, नाहीतर माज. आमची शाळा सातवीतच सुटली आणि पुढची तीस वर्षे कामगार संघटनेत गेली. तेव्हा धावण्याच्या इतिहासावर आम्ही बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्या प्रश्नासाठी आम्ही कारखान्याच्या दाराशी सभा घेतल्या, तोच प्रश्न शर्यतीच्या मैदानावरही उभा राहिलेला आहे. माणसाच्या दिवसाचा मालक कोण, हा तो प्रश्न.

१८६६ साली लंडनमध्ये हौशी मैदानी खेळाडूंचा एक क्लब निघाला. पैशासाठी धावेल तो हौशी नव्हे, हे समजण्यासारखे आहे. पण त्या काळच्या व्याख्येत आणखी एक मेख मारलेली होती. कारागीर किंवा मजूर असेल, तर त्याने आयुष्यात एक पैही बक्षीस घेतले नसले तरी तो हौशी ठरत नसे. हौशी म्हणजे सद्गृहस्थ, आणि हाताने काम करणारा तो सद्गृहस्थ नव्हे! १८८० च्या एप्रिलमध्ये ऑक्सफर्ड येथे नवी संघटना स्थापन झाली व तिने धावण्यापुरती ही अट काढून टाकली. हेन्ली येथील नावांच्या शर्यतीत मात्र ती १९३७ पर्यंत टिकून राहिली.

त्याच काळात वॉल्टर जॉर्ज नावाचा एक तरुण पुढे आला. जन्म १८५८ चा, धंदा औषधाच्या दुकानात उमेदवारीचा. सकाळी सातला दुकानात शिरावे ते रात्री नऊला बाहेर पडावे. अशा माणसाने धावावे केव्हा? त्याने तोड काढली. जागच्या जागी उभे राहून एक एक गुडघा कमरेपर्यंत उचलायचा, पाय चवड्यावर टेकायचा, आणि हे शंभरापर्यंत न्यायचे. आरंभी थोडे करायचे. ढब बिघडली की थांबायचे. या व्यायामाला मैदान लागत नाही, की रजाही लागत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. मैल चार भागांत वाटून त्याने उमेदीच्या काळातच एक कोष्टक मांडले होते: पहिला पाव मैल ५९ सेकंदांत, अर्धा मैल २ मिनिटे २ सेकंदांत, पाऊण मैल ३ मिनिटे ८ सेकंदांत आणि पूर्ण मैल ४ मिनिटे १२ सेकंदांत. इतक्या वेगाने तेव्हा मैल कोणी धावलेला नव्हता. त्याची स्वतःची वेळ १८८० मध्ये ४ मिनिटे २३.२ सेकंद होती, १८८२ मध्ये ४:१९.४ झाली, १८८४ मध्ये ४:१८.४. प्रतिस्पर्धी मागे पडले होते. पुढे होते ते फक्त ते कोष्टक.

तेव्हा व्यावसायिकांत विल्यम कमिंग्ज अग्रेसर होता. त्याच्याशी शर्यत लावू द्या, उत्पन्न रुग्णालयाला देतो, अशी जॉर्जने परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. अखेर हौशीपणाचा शिक्का सोडून तो व्यावसायिक झाला. २३ ऑगस्ट १८८६ रोजी लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर दोघे मैल धावले. शेवटच्या टप्प्यात कमिंग्ज कोसळला आणि जॉर्जने ४ मिनिटे १२.७५ सेकंद वेळ दिली. कोष्टकाला फक्त पाऊण सेकंद कमी पडला! ही वेळ १९१५ पर्यंत कोणाला मोडता आली नाही.

आता आपल्याकडे वळू. १८८४ साली जॉर्ज सेकंद मोजत होता, तेव्हा मुंबईचा गिरणी कामगार काय मोजत होता? त्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्या अशा: रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच. रविवार मिळायला १८९० चा जून उजाडला. सहा वर्षांत जॉर्जने साडेदहा सेकंद मिळवले. सहा वर्षांत आमच्या पूर्वजांनी आठवड्यातला एक दिवस मिळवला. दोन्ही विक्रमच, पण दुसऱ्याची नोंद कोणत्या घड्याळाने ठेवली?

आमच्या संघटनेत यंत्रावर काम करणारा एक तरुण आहे. पहाटे माळावर दहा किलोमीटर धावतो. अठ्ठावन्न मिनिटांवरून तो बावन्नावर आला होता. मग कारखान्यात जादा कामाची सक्ती झाली आणि तीन महिन्यांत तो पुन्हा सत्तावन्नावर गेला. तो आम्हांला म्हणाला, "साहेब, पगाराचं नंतर बोला. आधी माझी पाच मिनिटं परत आणून द्या." आम्ही हसलो नाही. वाटाघाटींच्या कागदावर पहिले कलम कामाच्या तासांचे घातले.

स्वतःशीच शर्यत लावणे ही माणसाची फार जुनी व निर्मळ हौस आहे. तीत कोणी हरत नाही, कोणाचे काही हिरावले जात नाही. फक्त दिवसाचा एखादा तुकडा माणसाच्या स्वतःच्या मालकीचा लागतो. तेवढा मिळवून देणे हेही इतिहासाचेच काम आहे, आणि ते अद्याप पुरे झालेले नाही.