बिली हॉलिडे आणि साथसंगत

बैठकीच्या गाण्यावर वाढलेल्या आम्हाला जॅझ तसे परकेच. पण बिली हॉलिडेची १९३७ सालची ध्वनिमुद्रणे ऐकली, आणि ओळखीची साथसंगत तिथेही सापडली! न्यूयॉर्कमध्ये पियानोवादक टेडी विल्सन सहा-सात वादक जमवी. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. त्यात बिलीच्या वाट्याला बहुधा एकच आवर्तन, बाकीची जागा वादकांची. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्या ओळीमागून असा चालतो, की दोघे मिळून एकच गाणे गाताहेत असे वाटावे. या मुद्रणांची तिला ठरावीक बिदागी मिळाली, रॉयल्टी नाही. (आपल्याकडच्या कलावंतांनाही हे कुठे चुकले?) १९५७ साली टेलिव्हिजनच्या कार्यक्रमात यंग तिच्यासाठी एक आवर्तन वाजवतो, ती मान डोलावत त्याच्याकडे पाहत राहते. १९५९च्या मार्चमध्ये तो गेला, जुलैत ती.