दुष्काळी कामांवरील हजेरीचा पुरावा

इ. स. १८७६-७८ च्या दुष्काळाविषयीं लिहितांना, सरकारी कामांवरील माणसें वाढलीं म्हणजे विपत्ति वाढली व घटलीं म्हणजे ती ओसरली, असें अनुमान पुष्कळदां केलें जातें. दख्खनच्या कुणब्यापुरतें तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

कुणबी दुष्काळापूर्वींच खालावला होता. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास सावकारांविरुद्ध दंगा झाला, तो सर्वश्रुत आहे. पुढच्याच वर्षीं पाऊस गेला. सरकारनें कामें काढलीं. परंतु जानेवारी १८७७ मध्यें हिंदुस्थान सरकारनें पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत अधिक अर्धा आणा इतकी उतरली. एक पौंड म्हणजे सुमारें ३९ तोळे, पक्क्या शेराच्या निम्म्याहूनहि किंचित् कमी. एवढ्यावर दिवसभर माती वाहावयाची, खडी फोडावयाची. शिवाय गांवानजीकचें काम सोडून दूरच्या तळावर जाण्याची तयारी, ही गरजेची कसोटी मानली गेली.

आतां कुणब्याच्या बाजूनें पाहावें. उरलेली बैलजोडी हेंच त्याचें पुढील सालचें भांडवल. सर्व कुटुंब तळावर गेलें तर वैरणपाणी कोणीं पाहावें? बैल मेले, तर पाऊस पडूनहि पेरणी नाहीं. म्हणजे घर मोडून जाईल तो गरजू, आणि घर राखण्यासाठीं उपाशी राहील तो सुखवस्तु! १८७७ च्या आरंभीं मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं या अटी नाकारून कामें सोडलीं. हजेरी उतरली, भूक उतरली नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्यांतून माहिती मिळवून सरकारास वारंवार लिहिलें. त्याच वर्षीं एप्रिलअखेर टेंपलसाहेबच मुंबईचे गव्हर्नर झाले.

जेथें भिक्षा मिळणें कठीण तें दुर्भिक्ष, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ति आहे. ती मागणाऱ्याच्या दृष्टीनें केलेली. न मागणारा कुणबी तींत बसत नाहीं. १८८० च्या दुष्काळ-आयोगानेंहि श्रम हीच मुख्य कसोटी ठेविली, त्यामुळें पुढील दुष्काळांचे आंकडेहि याच सावधगिरीनें वाचावे लागतात.

हजेरीपटाशेजारीं त्या सालचीं गहाणखतें, गुरांच्या विक्रीच्या नोंदी व साऱ्याची थकबाकी ठेवून पाहिल्याशिवाय निर्णय करूं नये. ज्यांच्या घरीं जुनीं कुलकर्णी दप्तरें असतील, त्यांनीं १८७६ ते १८७९ चे रुमाल प्रथम सोडावे.