कोळशाच्या गोळ्याची बखर

राजे कसे लढले आणि तह कुठे झाले, हे आपल्या बखरकारांनी भरभरून लिहून ठेवले आहे; पण त्या राजांचा भात कोणत्या जळणावर शिजला, हे सांगण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. चुलीचा इतिहास हा बव्हंशी बायकांचा इतिहास, आणि तो लिहायचा राहूनच गेला. आज दिवाळीच्या फराळाबरोबर त्यातले एक लहानसे प्रकरण मी वाचकांपुढे ठेवणार आहे. त्याचा नायक कोणी वीरपुरुष नाही. साधा कोळशाचा गोळा आहे.

ज्यांनी शेगडी आणि पाण्याचा बंब पाहिला आहे, त्यांना या नायकाची ओळख करून द्यायला नको. वखारीतून आणलेल्या पोत्याच्या तळाशी कोळशाची भुकटी उरे. ती फेकून देणे गृहिणीच्या जिवावर येई. मग त्या भुकटीत शेण किंवा चिकणमाती कालवायची, लाडू वळावेत तसे गोळे वळायचे आणि उन्हात वाळत घालायचे. नरकचतुर्दशीच्या पहाटे असे चार गोळे बंबात टाकले, की साऱ्या घराच्या अभ्यंगस्नानाची सोय होई. आमच्या घरीही हे गोळे वळले जात आणि आम्हां मुलांचे काळे हात पाहून मोठी माणसे ओरडत. या उद्योगाला कोणी शास्त्र म्हटले नाही, कारण तो परसात चाले.

तसा तो सर्वत्रच चालत आला आहे. जपानात लोणारी कोळशाच्या भुकटीत समुद्रातील शेवाळाची खळ मिसळून गोळे वळत. त्यांना तिकडे ‘तादोन’ म्हणतात. अमेरिकेत विल्यम ईझ्बी या गृहस्थांनी १८४८ साली दगडी कोळशाचा चुरा दाबून त्याची घट्ट ढेकळे करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुरुषाने कारखान्यात केला तर तो शोध, आणि बाईने परसात केली तर ती काटकसर, असा हा जुना न्याय आहे!

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि जगभर इंधनाची चर्चा सुरू झाली. तेव्हा, १९७५ साली, एरिक एकहोम या अमेरिकन अभ्यासकाने एक पुस्तिका लिहून बजावले, की जगातील गरिबांचा खरा इंधनप्रश्न तेलाचा नसून सरपणाचा आहे. डोक्यावर मोळी घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या बाईला हे सांगायला पुस्तिकेची गरज नव्हती. पण सांगितले ते बरे झाले. जळण कमी पडते म्हणून रान तुटते, आणि रान तुटले की मोळी आणखी दूर जाते, हे चक्र निदान सरकारदरबारी पोचले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे महाराष्ट्रात उसाचे मळे पसरत गेले. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. ऊस कारखान्यात जातो, हिरवे वाढे गुरांच्या तोंडी जातात. उरते ते वाळलेले पाचट. हे हेक्टरी ८ ते १० टन निघते. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत आणि ते लवकर कुजतही नाही. खोडव्याला रान मोकळे हवे, म्हणून शेतकरी त्याला काडी लावून मोकळा होतो.

या पाचटाचा कोळसा करण्याचा विचार पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने केला. धोंडो केशव कर्वे यांचे नातू, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने ती १९९६ साली स्थापन झाली. या कामात डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांचा मोठा वाटा आहे. युक्ती साधी आहे. पाचट झाकणाच्या लहान पिंपांत ठासून भरायचे, ती पिंपे एका मोठ्या भट्टीत ठेवायची आणि खाली जाळ करायचा. पाचटातून सुटणारा वायू भट्टीतच पेट घेतो आणि पुढची उष्णता तोच पुरवितो. पिंपात उरलेल्या काळ्या भुकटीत पिठाची खळ मिसळून यंत्रातून कांड्या पाडायच्या आणि वाळवायच्या. वायू आधीच निघून गेल्याने या कांड्या जळताना धूर जवळजवळ होत नाही. मात्र कोंदट खोलीत त्या पेटवू नयेत. कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. या कामासाठी २००२ साली संस्थेला इंग्लंडमधील ॲशडेन पुरस्कार मिळाला, आणि खेड्यांतील कुटुंबांना ही विद्या शिकविली गेली.

शेजारच्या नेपाळात १९९३ च्या वन कायद्याने गावकऱ्यांच्या हाती रानांचा कारभार आला. तेथे ‘बनमारा’ नावाचे परके तण रानात माजले आहे. नावाचा अर्थच मुळी ‘रानाला मारणारा’. काही गावकऱ्यांच्या गटांनी ते उपटून त्याचा कोळसा केला, आणि त्याच्या मधाच्या पोळ्यासारख्या भोकाभोकांच्या वड्या पाडल्या. रानही मोकळे झाले आणि चार पैसेही मिळाले.

मग हा उद्योग घरोघरी का पोचला नाही? ज्या गावात काटक्या फुकट मिळतात, तेथे कांडी विकत कोण घेणार? गिऱ्हाईक असते ते शहरातला खानावळवाला किंवा कोळशाची इस्त्री फिरविणारा परीट. तिथवर माल पोचवायला गाडी लागते, हिशेब लागतो. शिवाय पाचट रानातच आच्छादन म्हणून ठेवावे, असे शेतीतज्ज्ञ सांगतात, आणि तेही खोटे नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची टाकी पुष्कळ घरांत नेली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे शंभरांत ५९ च्या आसपासच भरली. म्हणजे चूल अजून विझलेली नाही.

म्हणून मला वाटते, की खेड्यातल्या बायांना हे शिकवायला जाणाऱ्याने आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोळा वळणे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या येतेच. शिकवायचे आहे ते वजन करणे, सारखा माल काढणे, गिऱ्हाईक गाठणे आणि मुख्य म्हणजे आपल्या श्रमाचा दाम न लाजता मागणे. जेथे एवढे साधले, तेथे रानावरची कुऱ्हाडही थोडी थांबेल आणि घरच्या बाईच्या हाती तिच्या कमाईचे चार पैसेही खुळखुळतील. आमच्या आज्यांनी वळलेल्या गोळ्यांना कोणी मोल दिले नाही; त्यांच्या पणतींना तरी ते मिळावे.