घूस, लव्हाळा आणि पालापाचोळा : आपल्या हिरवळीचा इतिहास

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिका समितीने मला 'काहीतरी इतिहासावर लिहा' असं सांगितलं. नोंदणी, पहिली कार्यकारिणी, कन्व्हेयन्स हे सगळं अध्यक्षांच्या मनोगतात येणारच आहे, म्हणून मी इतिवृत्ताच्या जुन्या वह्या घेऊन बसलो. बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला लेजर वाचायला कंटाळा येत नाही. वाचता वाचता लक्षात आलं की पाणी आणि पार्किंग सोडलं, तर सर्वसाधारण सभेत सर्वांत जास्त वेळा आलेला विषय म्हणजे दोन विंगांच्या मधली आपली हिरवळ. तक्रारी तीनच. घुशी उकरतात, तण माजतं, पाला साचतो. सेक्रेटरी बदलले, तक्रारींची भाषासुद्धा बदलली नाही.

येत्या वार्षिक सभेत ही हिरवळ काढून तिथे पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव येणार आहे. तो पास होईल की नाही हे सभासद ठरवतील. पण जे काढायचं ते आलं कुठून आणि ज्यांचा त्रास होतो ते इथे कधीपासून आहेत, एवढं तरी माहीत असावं.

आपण जिथे राहतो ती भाताची खाचरं होती. पळस्पे फाट्यावर आज पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळा होतो, ट्रेलरचे हॉर्न रात्रभर ऐकू येतात. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत राहायला आलेल्यांना आठवत असेल, कुंपणापलीकडे श्रावणात नुसता हिरवा भात असायचा आणि रात्री बेडूक झोपू देत नसत. पनवेल ही तांदळाची जुनी बाजारपेठ. खाचर म्हटलं की बांध आला आणि बांध म्हटला की उंदराचं बीळ आलंच. शेतातला हा काळपट उंदीर म्हणजे घुशीच्याच कुळातला. लोंब्या तोडून बिळात कोठार भरतो. आपल्या रायगड जिल्ह्यातले कातकरी भात कापून झाल्यावर बांध खणून हे उंदीर पकडायचे, खायचे आणि बिळातलं धान्यही काढून घ्यायचे. शेतकऱ्याचं नुकसान कमी व्हायचं, कातकऱ्याच्या घरात दोन दिवसांचं भात यायचं. औषध नाही, बिल नाही. बिल्डरने खाचरात मुरूम भरला तेव्हा बांध गेले, कातकऱ्यांचं येणं थांबलं. उंदीर-घुशींचं कुळ मात्र कंपाउंड वॉलच्या पायाशी येऊन राहिलं. थोडक्यात, ते आपल्या आधीचे भोगवटादार आहेत.

हिरवळ मात्र बाहेरची. 'लॉन' ही कल्पनाच इंग्रजांची. त्यांच्याकडे वर्षभर भुरभुर पाऊस, ऊन मवाळ, त्यामुळे गवत आपोआप मऊ राहतं. तरीही ते कापायला पूर्वी विळे घेऊन माणसं लागत, म्हणून ती बड्या जमीनदारांचीच चैन होती. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने गवत कापण्याचं यंत्र काढलं. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कापणारं यंत्र पाहून त्याला ते सुचलं. (योगायोग असा की त्याच वर्षी बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला आणि पनवेलहून पुण्याला चाकाच्या गाडीने जाता येऊ लागलं.) पुढे ही हिरवळ जिमखाने, बंगले असं करत करत बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात येऊन पोचली. आपल्याकडे वर्षाचा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने थेंब नाही. म्हणजे जुलैत गवत गुडघ्यापर्यंत आणि एप्रिलमध्ये त्याच्यासाठी टँकर.

बिल्डरने नर्सरीतून आणलेली गवताची गादी दोन पावसाळ्यांत विरली. आज जी आहे ती बहुतेक हरळी. गणपतीत आपल्या भगिनी तिथूनच दुर्वांच्या जुड्या करतात. हेच गवत अमेरिकेत 'बर्म्युडा ग्रास' म्हणून मैदानांवर लावतात. आपण पैसे देऊन परकं गवत आणलं आणि शेवटी टिकलं ते बांधावरचंच.

आता घुशी. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत हिरवळ उकरणारा प्राणी म्हणजे 'मोल'. तो आपल्या भागात नसतो आणि तो मुळं खात नाही, गांडुळं आणि अळ्या खातो. मातीच्या ढिगाऱ्यांवरून आपल्याकडे कोणी इंटरनेटवरचे मोलचे उपाय करू लागला तर काही उपयोग नाही. आपली घूस कंद, धान्य, खरकटं सगळं खाते. इंग्रजीतला 'बँडिकूट' हा शब्दही तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून गेला, अर्थ डुकरासारखा उंदीर. (हिंदीत 'घूस' म्हणजे लाच, पाया पोखरण्याचं काम दोन्हीकडे सारखंच.)

घुशीचा विषय नुसता हिरवळ खराब होण्याचा नाही. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने काय केलं ते आपण पेपरात वाचलं आहे. म्हणून पावसाळ्यात बिळांजवळ मुलांनी अनवाणी खेळू नये, हे दरवर्षी फलकावर लावावं लागतं आणि दरवर्षी कोणीतरी त्यावर क्लासची जाहिरात चिकटवतं.

मग विष घालायचं का? एका वर्षी आपण ते केलं. कंत्राटदाराने विषाच्या निळ्या वड्या उघड्यावरच हिरवळीच्या कडेने टाकल्या. दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या धाकट्या मुलीच्या हातात एक वडी दिसली. तिने तोंडात घातली नव्हती, हे आपलं सर्वांचं नशीब. आठवड्याभराने पाण्याच्या टाकीखाली गव्हाणी घुबड मरून पडलेलं सापडलं. त्या घुबडांची जोडी टाकीच्या आडोशाला राहायची, रात्री कर्कश ओरडायची म्हणून त्यांच्याविरुद्धसुद्धा एक लेखी अर्ज फाइलमध्ये आहे. घुबड कशाने मेलं ते कोणी तपासलं नाही. पण ब्रोमाडिओलोनसारख्या विषाची रीतच अशी की ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस हिंडतो आणि त्याला खाणारा पक्षीही दगावू शकतो. पुढच्या पावसाळ्यात घुशी पुन्हा होत्या. घुबडं नव्हती.

या विषांचा इतिहास आमच्या वयाच्या लोकांना विशेष वाटावा असा आहे. अमेरिकेत सडलेलं क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत. त्यातला दोष विस्कॉन्सिन विद्यापीठात शोधला गेला, त्यातून 'वॉरफरिन' निघालं आणि १९४८ साली ते उंदराचं औषध म्हणून बाजारात आलं. पुढे तेच माणसाचं रक्त पातळ ठेवायला देऊ लागले. सकाळच्या चालण्याच्या आमच्या ग्रुपमध्येच एकजण ते घेतात. उंदराचं विष ते नाश्त्यानंतर, डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेतात आणि महिन्याला रक्त तपासून घेतात. उघड्यावर टाकलेल्या वडीला चिठ्ठी नसते, एवढाच फरक.

विषापेक्षा ज्याने खरोखर फरक पडला ते काम अगदी साधं होतं. कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं आली, रात्री कुत्र्यांसाठी ठेवलेलं खरकटं बंद झालं, कंपाउंड वॉलच्या पायाशी हातभर खोल जाळी पुरली आणि बिळं दगड-सिमेंटने बुजवली. उरलेल्यांसाठी सुक्या बोंबलाचा तुकडा लावलेला मोठा पिंजरा. शाकाहारी सभासदांनी वासाबद्दल कुरकुर केली, पण पिंजरा चालला.

तणांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात जिंकण्यासारखं फार नाही. लव्हाळ्याची नम्रता आपण अभंगातून ऐकतो, बागेत मात्र त्याचा हट्ट दिसतो. वरचं पातं उपटलं की खाली माळेसारखे गुंफलेले कंद तसेच राहतात आणि आठ दिवसांत नवे कोंब येतात. आयुर्वेदातला मोथा तो हाच, म्हणजे ज्याला आपण शिव्या देतो त्याला वैद्य किंमत देतात. तो खुरप्याने कंदासकट काढत राहणं आणि हरळी दाट होऊ देणं, एवढंच हाती आहे.

गाजरगवताचं वेगळं. ते अंगाला लागलं की खाज, परागांनी दमा. भारतात त्याच्याकडे लक्ष गेलं ते १९५५ च्या सुमारास पुण्यात. अमेरिकेच्या पी.एल. ४८० च्या गव्हातून ते आलं, म्हणून 'काँग्रेस गवत' असं नाव पडलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. मला तारखा तपासायची खोड आहे. पी.एल. ४८० चा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे गवत कराराच्या आधीच हजर होतं! त्याआधी १९५१ मध्येही अमेरिकेने आपल्याला धान्य दिलं होतं, त्यातून आलं असेल तर असेल, पण पी.एल. ४८० ला दोष देणारी नोंद मी तरी पास करणार नाही. १९८३ साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा आणला, तो आता पुष्कळ पसरला आहे. आपल्याकडे मात्र फुलं येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणं हाच उपाय. एका कोपऱ्यात टाकळा वाढू दिला तर तो त्याला दाबतो, शिवाय पहिल्या पावसाची भाजी फुकट.

राहिला पालापाचोळा. यावर मात्र मी थोडं जास्त लिहिणार आहे.

आपल्या आवारात बदाम, गुलमोहर आणि सप्तपर्णी आहेत. गुलमोहराची पानं बारीक, ती गवतात जिरून जातात, झाडायची गरजच नाही. बदामाची पानं लाल होऊन, पत्रावळीएवढी, चामड्यासारखी पडतात आणि त्यांखाली गवत पिवळं पडतं. हा बदाम म्हणजे आपल्या कोकणच्या ऐनाचा चुलतभाऊ, वनस्पतिशास्त्रात दोघं एकाच कुळीतले. आणि ऐनाच्या पाल्याला या भागात एके काळी सोन्याचा भाव होता. ठाणे-कुलाब्याचा शेतकरी भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर फांद्या, पाला, गवत, शेण पसरून जाळायचा. त्याला 'राब' म्हणतात. राब नाही तर रोप नाही, अशी समजूत आणि अनुभवही. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारने जंगलं राखीव केली आणि फांदी तोडणं गुन्हा ठरू लागलं. ओरड इतकी झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्यात राबाचा प्रश्न मोठा होता.

जंगलावरच्या हक्काची ही कुरबुर पुढे कुठवर गेली ते आपल्या शेजारीच पाहायला मिळतं. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मे झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. सरकारी बाजूचीही माणसं मेली, त्यांत पनवेलचे मामलेदार होते. चिरनेरला हुतात्मा स्मारक आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जावं, गाडीने लांब नाही.

तर जंगलातल्या फांदीसाठी, सरपणासाठी जिथे माणसं गोळ्यांसमोर उभी राहिली, तिथे आपण पाल्याला 'कचरा' म्हणून कंपाउंडच्या मागे काडी लावत होतो. राब वेगळा, तो शेतात, खतासाठी होता. आपला धूर सरळ सी विंगच्या पहिल्या मजल्यावर जायचा. तिथल्या आजींना दमा होता, त्या सकाळी खिडक्या लावून बसायच्या. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळायला बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरात हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजारांपासून दंड सांगितला. आजी त्याच्या दोन वर्षं आधी गेल्या.

पाल्याचं खत करायची शास्त्रीय पद्धत जगाला दिली ती इंदूरने. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथे पाला, शेण, माती, राख यांचे थर लावून, ओलं ठेवून, वेळोवेळी उलथून तीनेक महिन्यांत खत तयार करून दाखवलं आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. इंग्रज माणूस शिकवायला आला आणि इथल्या शेतकऱ्याकडून शिकून गेला, असं हॉवर्डबद्दल म्हणता येईल. वाडांचं नाव मात्र कोणी घेत नाही.

आपले दोन खड्डे त्याच पद्धतीचे आहेत. बदामाची पानं आधी पायाने चुरायची, नाहीतर ती सहा महिने तशीच राहतात. थर वीतभर, मध्ये थोडं शेण, ते पळस्प्याच्या गोठ्यातून अजून मिळतं. खरकटं अजिबात टाकायचं नाही, नाहीतर घुशींना निमंत्रण. पावसाळ्यात वर पत्रा ठेवायचा.

पेव्हर ब्लॉकबद्दल एकच माहिती देतो, मत सभेत मांडेन. ब्लॉक वाळूच्या थरावर बसवतात आणि वाळू उकरणं घुशीला मातीपेक्षा सोपं जातं. खचलेले ब्लॉक पाहायला फार लांब जावं लागत नाही. आणि आज जे पाणी हिरवळीत मुरतं, ते कुठे जाणार याचा आराखडा ठरावाला जोडलेला नाही.

पहिल्या खड्ड्यातलं खत तयार आहे, दुसरा दिवाळीनंतर उघडेल. ज्यांना कुंड्यांसाठी हवं असेल त्यांनी रविवारी सकाळी नऊच्या आत स्वतःची पिशवी घेऊन पंप हाउसजवळ यावं. नोंदवही वॉचमनकडे ठेवली आहे, किती नेलं ते लिहून सही करावी.