अरोवाना (आशियाई)

आग्नेय आशियातील संथ, काळसर पाण्याच्या नद्यांत राहणारा मासा. शास्त्रीय नाव स्क्लेरोपेजिस फॉर्मोसस. लांबी ९० सेंमी.पर्यंत. नाण्याएवढे चकचकीत खवले आणि हनुवटीवरच्या दोन मिशा यांमुळे चिनी लोक त्याला ड्रॅगनचे रूप मानतात. हा मासा पाळण्याची हौस महागली ती त्यामुळेही. नर अंडी व पिल्ले तोंडात सांभाळतो. १९७५पासून ही जात वन्यजीवांच्या व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने नोंदणीकृत केंद्रांत पैदास झालेल्या, मायक्रोचिप बसवलेल्या माशांचाच आंतरराष्ट्रीय व्यापार कायदेशीर ठरतो. घरी ६ × २.५ × २.५ फुटांची टाकी तरी हवी; नुसते पाणीच टनभर भरते, तेव्हा मजला पेलेल का, हे आधी पाहावे. झाकण जड असावे. पाण्यावरच्या फांदीवरील किडे उडी मारून टिपणारा हा मासा रात्रीत टाकीबाहेर झेपावतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.